घारे मास्तरांची आरामखुर्ची

घारे मास्तर गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. त्यांचा फोटो कशावर ठेवायचा, असा प्रश्न पडला, कारण शाळेच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की मास्तरांची आरामखुर्चीच मागवावी. ती हमालाच्या डोक्यावरून आली. सागवानी, वेताने विणलेली, पाय पसरायला लांबलचक हात असलेली. तिच्यावर फोटो ठेवला, फोटोला झेंडूचा हार घातला. हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले, "याच खुर्चीत मास्तरांना अखेरची विश्रांती लाभली. ही खुर्ची म्हणजे आपल्या सर्वांच्या कृतज्ञतेची खूण आहे." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर गेलो आणि नळावर खळखळून चूळ भरली.

बोलायला मलाही सांगितलं होतं. मी बोललो नाही. शोकसभेत खरं बोलायची आपल्याकडे रीत नाही, आणि खोटं बोलायला त्या दिवशी माझी जीभ वळेना. म्हणून आता लिहितो आहे.

लोणावळ्याच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला आलो तेव्हा पहिलं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. मी तळेगावचा. आमच्या घराण्यात बैठक मारून पोथ्या वाचण्यापलीकडे कुणी फार कष्ट घेतले नव्हते, आणि मीही ती परंपरा मोडायच्या विचारात नव्हतो. पहिल्याच दिवशी मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवत होतो. दारातून एक उंच, काटकुळा माणूस आत डोकावला. बंद गळ्याचा कोट, गुडघ्याच्या जरा खालीच संपणारं धोतर, आणि त्याखाली पैलवानाला शोभतील असे पोटऱ्यांचे गोळे. माझ्याकडे त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हं. अजून एक बसके आले."

ते घारे मास्तर. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बसके' झालो. माझं आडनाव त्यांनी कधी उच्चारलंच नाही. शिक्षकांच्या खोलीत, रस्त्यात, माझ्या बायकोच्या देखत, सगळीकडे "काय बसके?" सुरुवातीला मला राग यायचा. नंतर हाक मारली नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्यांच्या वर्गातल्या खुर्चीवर पाण्याचा माठ असायचा. ते स्वतः कधी बसले नाहीत आणि पोरांनाही त्यांनी फार वेळ बसू दिलं नाही. शाळा भरायच्या आधी त्यांचा वर्ग वलवणच्या धरणाच्या भिंतीपर्यंत पळत जायचा आणि परत यायचा. पोरं धापा टाकत आली की पाणी प्यायची, आणि मग मास्तर नवा धडा काढायचे. पाढे म्हणायचे ते बैठका मारत. कविता पाठ करायची ती मैदानाला फेऱ्या घालत. शेजारच्या वर्गात मी अलंकार शिकवत असलो की भिंतीपलीकडून धप्‌ धप्‌ आवाज यायचा आणि माझ्या फळ्याचा खडू खाली पडायचा.

"नांगरल्याबिगर पेरायचं न्हाई," हे त्यांचं नेहमीचं. ते मूळचे बेडशाचे, शेतकऱ्याच्या घरचे. शाळेत ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण रंगात आले किंवा रागावले की बेडसं तोंडातून बाहेर पडायचं. "आमच्या घरी दिवा न्हवता, बसके. शाळा कामशेतला. जाताना धडा, येताना कविता. वाटंवर जे पाठ केलं ते आजतागायत हाय, आन् वस्तीवर बसून जे घोकलं त्यातलं एक अक्षर म्हणाल तर न्हाई."

"असं का होत असेल?" मी विचारलं.

"ते मला ठाऊक न्हाई. रगत वर चढत आसंल. पर हुतंय, हे मी पाह्यलंय."

माझा अर्थातच विश्वास नव्हता. तेव्हा मास्तरांनी आपल्या वर्गाचे दोन भाग केले. एका भागाने कविता बसून पाठ करायची, दुसऱ्याने मैदानात फिरून. गणपतीची सुट्टी संपल्यावर माझ्यासमोर दोन्ही भागांना ती म्हणायला लावली. फिरणाऱ्या पोरांना कितीतरी जास्त आठवत होती. मी म्हटलं, "हुशार पोरं त्या बाजूला घेतली असतील." मास्तर संतापले. पुढच्या खेपेला त्यांनी वाटणी मलाच करायला लावली. मी मुद्दाम वर्गातले मठ्ठ म्हणून नावाजलेले सगळे फिरणाऱ्यांत टाकले. पुन्हा तेच. मी म्हटलं, "योगायोग." मास्तर म्हणाले, "तुमच्या बुडाला मुळ्या फुटल्यात, बसके. आता डोक्याला पानं यायची न्हाईत."

डेप्युटीसाहेब तपासणीला आले ती गोष्ट शाळेत अजून निरनिराळ्या प्रकारे सांगतात. मी तिथे होतो. साहेब पुण्याहून सकाळच्या गाडीने आलेले, पगडी, उपरणं, चेहऱ्यावर अपचन. घारे मास्तरांच्या वर्गात येऊन त्यांनी औटकीचा, म्हणजे साडेतीनचा पाढा विचारला. वर्ग एकदम उभा राहिला आणि बैठकांच्या तालावर पाढा असा सुटला की कौलं हलली. एकही पोर चुकलं नाही. साहेब दचकून मागे सरले.

"ही शाळा आहे की तालीम?" ते म्हणाले. "खाली बसा. मांड्या घाला. आता म्हणा. अंग हलता कामा नये."

पोरं बसली. पाढा सुरू झाला, थोडा पुढे गेला आणि चिखलात रुतलेल्या गाडीसारखा थांबला. साहेबांनी नद्या विचारल्या. पोरं एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघायला लागली. ज्यांना सगळं येत होतं त्यांना बसल्यावर काही येईना. साहेबांनी शेरा लिहिला, की पाठांतर कच्चे आहे आणि शिस्त तर नाहीच. हेडमास्तरांचं तोंड काळवंडलं.

संध्याकाळी मास्तर मला कुसगावच्या रस्त्याला ओढून घेऊन गेले. मला वाटलं, आता साहेबांना शिव्या ऐकायला मिळतील. त्याही मिळाल्या, पण एकदाच. "साहेब गाढव हाय," ते म्हणाले, "पर चूक माझी निघाली. मी पोरांना हलत पेरायला शिकवलं, तर ती हलल्याबिगर कापायला तयार न्हाईत. हे माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं." मग भराभरा चालत राहिले, मी मागून फरफटत. कुसगाव आल्यावर थांबून म्हणाले, "आधी पळायचं. मग गप बसून शिकायचं. मग पुन्हा फिरून मनातल्या मनात घोळवायचं. आन् म्हणून दाखवायचं ते उभ्यानं, बसून, पडून, कसंबी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळी पद्धत बदलली. पुढच्या वर्षी त्यांच्या वर्गाने मांडी घालून, हाताची घडी घालून, दगडासारखं बसून सगळं म्हणून दाखवलं. पण आधीचा शेरा काही पुसला गेला नाही. त्या शेऱ्यापायी मास्तरांची बढती कायमची अडली, आणि ज्यांनी जन्मात एक नवी गोष्ट करून पाहिली नव्हती ते एकामागून एक त्यांच्या डोक्यावर चढून बसले. मास्तरांना त्याचं काही वाटलं नसेल, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. पगाराच्या दिवशी ते कुणाशी बोलायचे नाहीत.

गोदूताईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोदूताई बालविधवा. रेल्वेत गार्ड असलेल्या भावाच्या घरी राहायच्या. फायनलची परीक्षा पास झाल्या तर मुलींच्या शाळेत नोकरी होती. नाही झाल्या, तर जन्मभर भावाच्या चुलीपुढे. परीक्षेत त्या आधी नापास झालेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून त्या दिवसभर घोकत बसायच्या, आणि सकाळी सगळं पुसून गेलेलं असायचं. "बाईच्या डोक्यात राहत नाही, त्याला कोण काय करणार," असं हेडमास्तर म्हणाले. हे ऐकून मास्तर त्याच पावली गार्डाच्या घरी गेले आणि ओटीवरूनच ओरडले, "ताई, ते पुस्तक मिटा आधी. पाणी कोण भरतं घरात?"

"मीच भरते, मास्तर."

"मग एका खेपेला एक पान. जाताना मनात म्हणा, येताना घागर घेऊन तेच म्हणा. आणि संध्याकाळी कुसगावच्या देवळापर्यंत चालायचं."

भाऊ आतून आला. "मास्तर, विधवा बाई रस्त्याने पुटपुटत फिरणार? लोक वेडी म्हणतील हो."

"म्हणू देत," मास्तर म्हणाले. "वेडी पास झाली तर तुमचंच एक ताट कमी होईल."

पण लोक बोलतील हे त्यांनाही कळत होतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा दुसऱ्या कुणाला सुचला नसता. रोज संध्याकाळी कुसगावच्या रस्त्याने मास्तर पुढे चालायचे, हातवारे करत, मोठमोठ्याने इतिहास म्हणत. त्यांच्या मागून बऱ्याच अंतरावर गोदूताई खाली मान घालून चालायच्या आणि तेच तोंडातल्या तोंडात म्हणायच्या. लोक मास्तरांकडेच बघायचे. "घारे मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय," अशी चर्चा बाजारात सुरू झाली, आणि गोदूताईंकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या पास झाल्या. मुलींच्या शाळेत लागल्या. पहिल्या दिवशी शाळेला जाताना त्या मास्तरांच्या घरावरून गेल्या आणि वाकून नमस्कार करायला लागल्या, तर मास्तर म्हणाले, "वाकू नका, चाला. उशीर होईल."

मास्तरांना एकच मुलगा, विश्वनाथ. बायको लवकर गेली, त्याला मास्तरांनीच वाढवलं, म्हणजे पळवलं. मॅट्रिकच्या वर्षी इतर मुलं कंदिलापुढे बसायची तेव्हा विश्वनाथ राजमाचीच्या वाटेने पळत असायचा. पोरं त्याला 'घोडा' म्हणायची. तो चांगल्या गुणांनी पास झाला, रेल्वेच्या कचेरीत चिकटला आणि भराभर वर चढला. नोकरी लागल्यावर त्याने घरात पहिली वस्तू आणली ती टेबल-खुर्ची. मला एकदा म्हणाला, "काका, लहानपणी मला एकच स्वप्न पडायचं. मी खुर्चीत बसलोय आणि मला कुणी ऊठ म्हणत नाहीये." हसत म्हणाला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मला तेव्हा त्याची कणव आली होती. आजही येते, आणि त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला. कुणी वकील, कुणी दुकानदार, कुणी रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर. भेट काय द्यायची याचा खल सुरू झाला. मी म्हटलं, "मास्तरांच्या वहाणा दरवर्षी झिजतात. त्यांना एक चांगला भक्कम जोडा द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "गुरूला जोडा?" वकील म्हणाला. "अहो, भर सभेत गुरूच्या हातात जोडा द्यायचा? लोक काय अर्थ काढतील?" हेडमास्तरांनी तर कानांवर हात ठेवले. मग सर्वानुमते ठरलं, की आयुष्यभर उभं राहून शिकवणाऱ्या माणसाला आता बसायला आरामखुर्ची द्यावी. कल्पना इतकी सुंदर होती, की वकिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सत्काराला खुर्ची हार घालून मधोमध ठेवली होती. मास्तरांना तिच्यात बसून फोटो काढायला सांगितलं. ते बसले नाहीत. पाठीवर हात ठेवून शेजारी उभे राहिले. बोलायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "मी तुम्हा सगळ्यांना चालायला लावलं. आणि तुम्ही मला खुर्ची दिलीत. म्हणजे माझं शिकवणं फुकट गेलं." सभेत हशा पिकला. टाळ्या कडाडल्या. मास्तरांचा विनोदी स्वभाव, असं दुसऱ्या दिवशी लोक सांगत होते. मी जवळ उभा होतो. मास्तर हसत नव्हते.

घरी त्या खुर्चीवर ते सांडगे वाळवायला लागले. विश्वनाथला ते आवडायचं नाही, पण तो गप्प बसायचा. निवृत्तीनंतरही मास्तर रोज पहाटे बाहेर पडायचे. चालताना ते गावं म्हणायचे. पुण्याच्या रस्त्याने लागणारी गावं, ओळीने. "वलवण, वाकसई, कार्लं, कामशेत, नायगाव, कान्हे, वडगाव, तळेगाव, सोमाटणं." आणि प्रत्येक गावाबरोबर तिथून शाळेत आलेल्या पोरांची नावं, बापाच्या नावासकट. कुठला पोरगा कुठल्या बाकावर बसायचा आणि कुठल्या शब्दाला अडायचा, हेसुद्धा. त्यांचं सगळं आयुष्य त्या रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलेलं होतं. रोज जाऊन ते बघून यायचे, जागच्या जागी आहे की नाही.

मग एका पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड बसलं. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे विश्रांती, मग हळूहळू चालवा. विश्वनाथने त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. सांडगे निघाले, खुर्ची धुतली, तिच्यावर गादी आली. वहाणा माळ्यावर गेल्या. सूनबाई भली बाई. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, पाय चेपायला गडी. बघणारे म्हणायचे, "मुलगा असावा तर असा." वाईट एवढंच, की ते खोटं नव्हतं. विश्वनाथचं बापावर खरोखर प्रेम होतं. ज्या गोष्टीसाठी तो लहानपणी तरसला, तीच तो बापाला पोटभर देत होता.

आठवडे गेले, महिने गेले, वर्ष उलटलं. आधी मास्तरांच्या डोक्यातून पोरांची नावं गेली. मग पाढे विस्कटले. औटकी म्हणता म्हणता ते दीडकीत शिरायचे आणि कावरेबावरे होऊन थांबायचे. वय झालं की विसर पडतोच, हे मलाही कळतं, आता तर स्वतःवरूनही कळतं. पण ज्या माणसाचं डोकं पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत लख्ख होतं, ते खुर्चीत बसल्यावर असं भराभर विझावं? एका रविवारी मी गेलो आणि समोर बसलो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि शुद्ध पुस्तकी भाषेत विचारलं, "आपण कोण?" मी घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही.

गोदूताईंना मी हे सांगितलं. त्या तोवर मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई झाल्या होत्या, केस पांढरे, आवाज करडा. त्या म्हणाल्या, "त्यांना चालवायचं. तुम्ही एका बाजूला, मी दुसऱ्या." विश्वनाथ कचेरीत असायचा तेव्हा, दुपारची शाळा सुटल्यावर आम्ही जायला लागलो. सूनबाई आधी घाबरली, मग काही बोलली नाही. परसात फणसाचं झाड होतं. त्याच्याभोवती आम्ही त्यांना धरून फिरवायचो. पहिले काही दिवस नुसते पाय ओढले. मग एके दिवशी ते म्हणाले, "वलवण." दोन पावलांनी, "वाकसई." गोदूताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली.

हळूहळू कार्लं आलं, कामशेत आलं. काही आठवड्यांनी एका दुपारी ते थेट सोमाटण्याला पोचले. तिथून शाळेत आलेल्या एका पोराचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. मग थांबून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बसके, प्वाट लय सुटलं की तुमचं." मी हसत होतो की रडत होतो ते मला सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात विश्वनाथ लवकर घरी आला. नेमकं तेव्हाच मास्तरांचा पाय मुळाला अडखळला आणि ते आमच्या हातांतून सुटून खाली बसले. लागलं काहीच नव्हतं. ते हसत होते. पण विश्वनाथचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, ताई, हे काय चालवलंय?" तो म्हणाला. "पुन्हा हाड मोडलं तर? या वयात परत बसेल का ते? लोक मलाच नावं ठेवतील. मी यांना इतकं जपतोय—"

"तुम्ही जपत नाही, विश्वनाथ," गोदूताई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना ठेवून दिलंय."

मास्तर जमिनीवर बसूनच बोलले. "विसनाथ, मला चालू दे रं. बसलो की समदं सांडतंय."

विश्वनाथ त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, "आबा, आता काय लक्षात ठेवायचंय तुम्हाला? सगळं केलंत की आमच्यासाठी. आता नुसतं निवांत बसा."

मास्तर मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. मला त्या क्षणी विश्वनाथच्या मुस्काटात मारावीशी वाटली, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. गड्याने येऊन मास्तरांना उचललं आणि खुर्चीत नेऊन ठेवलं.

त्यानंतर आम्हाला सांगण्यात आलं, की भेटायला जरूर या, पण विश्वनाथ घरी असताना. गोदूताई हट्टाच्या. त्यांनी मास्तरांसाठी वडगावहून नव्या वहाणा शिवून आणल्या आणि त्या घेऊन थेट विश्वनाथसमोर उभ्या राहिल्या. बराच वाद झाला. शेवटी विश्वनाथने मोठ्या मनाने परवानगी दिली. वहाणा पायांत घाला, त्यांना बरं वाटेल. उठवायचं मात्र नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतर. दुसरं महायुद्ध चालू होतं, लष्कराच्या गाड्या घाटातून सारख्या जात होत्या. मास्तर ओटीवर खुर्चीत होते. खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत मऊ धोतराची पट्टी बांधली होती, पुढे घसरू नयेत म्हणून. अंगावर इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, कपाळाला गंध. दृष्ट लागावी अशी व्यवस्था होती. पायांत गोदूताईंच्या वहाणा होत्या, आणि पाय हलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा, जमिनीला न टेकता.

मी जवळ बसलो. ते मला ओळखत नव्हते. बराच वेळ पाय हलवून झाल्यावर दमल्यासारखे थांबले आणि हळूच विचारलं, "कुटवर आलो वो आपण?"

सोमाटणं म्हणावं असं मनात आलं. पण वहाणांकडे लक्ष गेलं. तळ कोरे करकरीत होते, त्यांना धुळीचा कण लागलेला नव्हता. त्या माणसाशी खोटं बोलायला जीभ धजेना. मी म्हटलं, "अजून लोणावळ्यातच आहोत, मास्तर."

"आसं?" ते म्हणाले. "मग चला की बिगीबिगी. लय लांब जायाचंय."

आणि पाय पुन्हा हलायला लागले. सूनबाई आतून रजई घेऊन आली. "बघा ना काका, पायांना कसा चाळा लागलाय त्यांच्या," असं म्हणत तिने ती मायेने त्यांच्या पायांवर घातली, दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली, आणि मला विचारलं, चहा घेणार का. रजईखाली पाय चालतच होते.